बिनसांध्याचा पडदा

आमच्या ह्यांना भुताच्या सिनेमाची भीती वाटायची. हे मी आधीच सांगून टाकते, कारण अजूनही लोक भेटले की म्हणतात, पंचाक्षरी म्हणजे छातीचा माणूस. कसली छाती? पडद्यावर जिन्यावरून पांढरं पातळ खाली उतरायला लागलं की हे मान खाली घालून मशीनला तेल आहे का ते बघत बसायचे. सिनेमा स्वतःच लावलेला, पाठ झालेला, तरीसुद्धा. विनोदी सिनेमा असला की हसू यायच्या आधीच हसायचे, त्यामुळे मशीनजवळ बसलेल्यांना कळायचं की आता काहीतरी गमतीचं येणार. आणि गाण्यांचा सिनेमा असला की उपरण्याचं टोक डोळ्यांना. असा माणूस सिनेमाच्या धंद्यात कसा टिकला, हे मला लग्न झाल्यापासून पडलेलं कोडं आहे.

धंदा म्हणजे घरोघरी जाऊन सिनेमा दाखवायचा. आधी हे एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. तिथं मालकाशी वाजलं, तेव्हा सरकारी प्रचाराच्या गाडीवरचं मोडीत निघालेलं छोटं मशीन घेतलं, स्वतः खटपट करून चालू केलं आणि सायकलला मागे ढकलगाडी जोडून निघाले. मी सांगतेय ती गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. टीव्ही काय असतो ते सोलापुरात कुणाला माहीत नव्हतं. टॉकीज भरपूर होती, पण आमच्या लिंगायत लोकांत पुष्कळ घरं अशी की सुनांनी टॉकीजची पायरी चढायची नाही. मग बारसं असो, लग्न असो, नवे माग बसवलेले असोत, पंचाक्षरीला बोलवायचं आणि अंगणात पडदा लावायचा. गड्याच्या डोक्यावर पाट ठेवून पुढे जागा धरायला पाठवणारी घरंही मी पाहिली आहेत.

पडदा ह्यांचा खास होता. एका पद्मशाली विणकर मित्राकडून मोठ्या पन्ह्याच्या मागावर अख्खा एकसंध विणून घेतलेला, मधे कुठं शिवण नाही. हे म्हणायचे, शिवण असली की ती नेमकी हिरॉईनच्या नाकावर येते. पडदा अंगणाच्या मधोमध. मशीनच्या बाजूला पुरुष, पलीकडच्या बाजूला बायका. त्यामुळे आम्हा बायकांना सिनेमा आरपार, उलटा दिसायचा. सिनेमाचं नाव मला कधीही वाचता आलं नाही, आणि आयुष्यात मी जितके हिरो पाहिले ते सगळे डावखुरे होते.

मी बरोबर जायचे ते काही हौसेनं नाही. माझं काम स्वयंपाकघरात असायचं. पुण्याहून पार्सलनं रिळांचे डबे यायचे, त्यातले तीन प्रकार हे कायम जवळ ठेवत. एक रहस्याचा, एक हसायचा, एक गाण्यांचा. घरचे पुरुष बाहेर सांगायचे हे लाव, ते लाव. हे हो म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. मग मी आत जाऊन बायकांशी बोलत बसायचे. त्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलेलं असलं तर हसायचा सिनेमा लावायचा नाही. नवी सून आलेली असली तर गाण्यांचा. आणि घरात कुणी पोटुशी असली तर रहस्याचा डबा उघडायचाच नाही, मग मालक कितीही मोठा असो. पुरुषांना विचारून ह्यातलं काही कळत नसतं, म्हणून मी.

हा नियम ह्यांनी का केला ते सांगते. लग्नानंतर मला दिवस गेले होते तेव्हा हे टॉकीजमध्ये होते. मी बाल्कनीत फुकट बसून एक फार भीतीचा सिनेमा पाहिला. त्याच आठवड्यात माझं सगळं संपलं, आणि पुन्हा कधी काही झालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सिनेमाचा आणि ह्याचा काही संबंध नाही. ह्यांनी त्यांच्यापुढे मान डोलावली आणि घरी येऊन तो नियम केला. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. पण मी तो नियम कधी मोडू दिला नाही.

गंमत अशी झाली की हा नियम गावाला कळला. पंचाक्षरीनं रहस्याचा सिनेमा लावायला नकार दिला की त्या घरात पाळणा हलणार, असं लोक चेष्टेत म्हणायला लागले. शेजारणी भिंतीवरून विचारायच्या, काय लावलं गं तुमच्यात? गाण्यांचं? मग बातमी गल्लीत पोचायची. आम्हीही हसायचो. त्यात काही वाईट होऊ शकेल असं आम्हा दोघांच्याही मनात आलं नव्हतं.

त्या वर्षी मार्गशीर्षात बाळीवेशीच्या आतल्या बाजूला राहणाऱ्या निंगव्वाकडून बोलावणं आलं. निंगव्वा विधवा बाई. नवऱ्यामागे तिनं मागांचा कारखाना सांभाळला, मुलाला, इरण्णाला, हाताशी घेऊन वाढवला. कपाळभर भस्म, गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग, आवाज खणखणीत. नवे माग बसवले म्हणून घरी सिनेमा ठेवला होता. तिनं दारातच ह्यांना सांगितलं, "पंचाक्षरी, ह्यावेळी रहस्याचं लावायचं बघा. लई भीतीचं. पोरांनी रात्री पांघरुणातनं तोंड काढू नये असलं."

"बघतो की," हे म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं.

मी आत गेले. स्वयंपाकघरात सून एकटीच होती. गौरम्मा तिचं नाव, मंगळवेढ्याची, कडक भाकरी थापायला बसलेली. तिला मी ह्याआधी दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळेला ती आजारातून उठलेली. दोन्ही वेळेला पोट पडलेलं. आमच्यात बायका महिन्याच्या महिन्याला बाजूला बसत नाहीत, त्यामुळे कुणाचं काय चाललंय ते ज्याचं त्यालाच ठाऊक. मी नेहमीसारखं विचारलं, "काय गं, काही हाय का?"

तिनं तव्यावरची भाकरी काढली नाही. ती करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. तिनं दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "अक्का, हाय. पण तुमी सिनेमा बदलू नका. बदलला तर अत्तीला कळंल." सासूला आमच्याकडे अत्ती म्हणतात.

"कळू दे की. चांगली गोष्ट हाय."

तेव्हा तिनं सगळं सांगितलं. बाजारात एक वैदू बसायचा. पहिला नातू मुलगाच व्हावा म्हणून निंगव्वा त्याच्याकडून कसल्या तरी मुळ्या आणायची आणि उकळून काढा करून सुनेला पाजायची. सोमवारी, दिवेलागणीनंतर. तिसरा महिना सरायच्या आत द्यायचा, त्यानंतर त्याचा उपयोग नाही, असं वैदूचं सांगणं. दोनदा पाजला, दोन्ही वेळेला आठवड्याच्या आत सगळं गेलं. "देवाची मर्जी म्हणतात अत्ती. मला देवावर न्हाय ढकलायचं," गौरम्मा म्हणाली. "तिसरा सरला की मी स्वतःच सांगंन. गड्ड्याची जत्रा होईस्तोवर कळू द्यायचं न्हाय एवढंच. ह्यावेळी पण गेलं तर जेऊरची पोरगी बघून ठेवलीय त्यांनी."

"नवऱ्याला सांग की."

"त्येंनी आईला सांगितल्याशिवाय पाणी पण पीत न्हाईत."

मग ती म्हणाली, "तुमाला वाटलं का अत्तीला सिनेमाची हौस हाय? त्यांना संशय आलाय. तुमी नको म्हणता का तेवढंच बघायचंय त्यांना."

मी बाहेर आले तेव्हा हे पडद्याची दोरी बांधत होते. मी कानात सगळं सांगितलं. हे दोरी हातात घेऊन तसेच उभे राहिले. रहस्याचा डबा उघडला तर ह्यांचा नियम मोडत होता, आणि नाही उघडला तर त्या पोरीच्या पोटातलं धोक्यात होतं. रीळ तुटलंय म्हणून सांगावं तर इरण्णा दुपारीच आमच्या घरी येऊन डबे बघून गेला होता. मला वाटलं हे आता मशीन उचलून घरी जातील. पण थोड्या वेळानं ह्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "रत्ना, तुला हा सिनेमा पाठ हाय नव्हं?"

"हाय की."

"मग तिच्याजवळ बस. पुढं काय होणार ते आधीच सांगत जा. ठाऊक असलं की माणूस दचकत न्हाय."

मला ते इतकं पटलं की मनातल्या मनात मी नवऱ्याचं कौतुकही केलं. अंधार पडला, मशीन घरघरायला लागलं. पडद्यामागे सतरंजीवर पंधरावीस बायका दाटीनं बसल्या. मी गौरम्माला चिकटून बसले आणि तिच्या कानाला लागले. आता दार वाजेल, वारा असतो. आता कंदील आपोआप हलेल, त्याला दोरा बांधलेला असतो, शेवटी दाखवतात. आता खिडकीत तोंड येईल, तो माळी असतो, त्याच्यापासून काही भीती नाही. खून त्या गोड बोलणाऱ्या मामानं केलेला असतो. गौरम्मा शांत बसून राहिली. मधे एकदा ती माझ्याकडे बघून हसलीसुद्धा.

खिडकीत ते तोंड आलं तेव्हा सगळ्या बायका किंचाळल्या. दोघीतिघींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. पलीकडून पुरुषांच्या हसण्याचा आवाज आला. आणि त्या गोंधळात माझं लक्ष निंगव्वाकडे गेलं. ती पडद्याकडे बघत नव्हती. एवढ्या बायकांत एकटी आपली सून ओरडली नाही, हे ती बघत होती. आणि सुनेच्या कानाशी माझं तोंड होतं.

 आम्ही निघताना तिनं मला पानाचा विडा दिला आणि पाठीवरून हात फिरवला. तो हात मला आवडला नाही. घरी येताना मी ह्यांना सांगितलं, तेव्हा हे म्हणाले, "तुला उगाच वाटलं असंल." पण हे रस्त्यानं नेहमी काहीतरी गुणगुणत यायचे, त्या दिवशी एक ओळही गुणगुणले नाहीत.

पुढचे दिवस मी बोटांवर मोजत काढले. काही बातमी नव्हती. हुरड्याचे दिवस आले, सिद्धेश्वराच्या जत्रेचे, म्हणजे आमच्या गड्ड्याचे पाळणे होम मैदानावर उभे राहायला लागले. मला वाटलं, झालं, आता थोडेच दिवस. आणि एका सकाळी निंगव्वा स्वतः आमच्या दारात. गड्ड्याला पाहुणे येणार होते, सुनेचे वडील मंगळवेढ्याहून येणार होते, म्हणून सिनेमा पाहिजे होता. सोमवारी.

हे म्हणाले, "कसला लावू?"

निंगव्वानं माझ्याकडे बघितलं. "रहस्याचं नको बाई आता," ती म्हणाली. "गाण्यांचं लावा. गोड गाण्यांचं."

ती गेली. तिला कळलं होतं. आम्ही ज्या गोष्टीनं लपवायला गेलो तिनंच ते उघडं केलं होतं, आणि ते निंगव्वानं आमच्याच नियमात बसवून आम्हाला सांगितलं होतं. मी म्हटलं, जायचंच नाही. ह्यांचं म्हणणं, आपण गेलो नाही म्हणून काढा थांबणार आहे का? मी म्हटलं, तिच्या बापाला सांगा. हे म्हणाले, "परक्या माणसानं सुनेच्या पोटाचं तिच्या बापाला सांगायचं? ती बाई कानावर हात ठेवंल, पोरगी भिऊन गप्प बसंल, आणि आळ पोरीवरच यील." खरं सांगायचं तर हे घाबरले होते. मीही घाबरले होते. त्या घराशी वाकडं घेणं म्हणजे पेठेतली सगळी घरं तुटणं.

सोमवारी आम्ही गेलो. अंगणात माणसं मावत नव्हती. गौरम्माचे वडील, नागप्पा, पुढच्या पाटावर बसलेले. ज्वारीचे मोठे शेतकरी, पांढरा पटका, शांत माणूस. जावई त्यांना पान देत होता. मी स्वयंपाकघरात डोकावले, पण त्या दिवशी मला गौरम्माशी बोलायला मिळालं नाही. निंगव्वा तिच्याजवळून हलली नाही. चुलीच्या कडेला एक झाकलेलं फुलपात्र होतं आणि घरात कडवट, करपलेल्या मुळ्यांचा वास भरला होता. सगळ्यांना तो वास येत असणार. कुणी काही विचारलं नाही.

सिनेमा सुरू झाला. त्यातली गाणी खरोखर गोड होती, बायका डोकं हलवत होत्या. मी गौरम्माच्या एका बाजूला, तिच्या दुसऱ्या बाजूची जागा रिकामी. विरहाचं मोठं गाणं लागलं, हिरॉईनचा चेहरा पडदाभर झाला, आणि निंगव्वा पदराखाली फुलपात्र घेऊन आली. तिनं ती रिकामी जागा घेतली आणि फुलपात्र सुनेच्या हातात दिलं. "पी गं. गरम हाय तवर."

एवढ्या बायकांत सून नाही म्हणणार नाही, हे तिला ठाऊक होतं. मी वाकून म्हटलं, "निंगव्वा, नको. दोनदा काय झालं ते बघितलं नव्हं तुमी?"

तिचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "रत्नम्मा, पोटचं काय असतं ते तुला काय ठावं?"

 माझी जीभ काही लहान नाही, गल्लीत कुणालाही विचारा. पण त्या वाक्यानं मी गप्प झाले. समोर ते गाणं चालू होतं आणि गौरम्मानं फुलपात्र ओठांपर्यंत नेलं.  तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पडद्याकडे. मग उठून उभी राहिली आणि हातातला सगळा काढा समोर पडद्यावर फेकला.

पलीकडे पुरुषांना आधी काहीच कळलं नाही. गाणाऱ्या हिरॉईनच्या गालावर मधोमध एक काळपट डाग आला, पसरला, आणि हनुवटीवरून ओघळायला लागला. कुणीतरी ओरडलं, "आरं, काय सांडलं?" कुणी हसलं. गाणं चालूच होतं.

आमचे हे गाणं कधी मधे तोडत नसत. घरात भांडी पडली, पोरं रडली, पाऊस आला, तरी गाणं पुरं व्हायचं. त्या दिवशी ह्यांनी मशीन बंद केलं, बत्ती लावली आणि पडद्याला वळसा घालून बायकांच्या बाजूला आले. इतक्या वर्षांत ह्यांनी ही बाजू कधी पाहिली नव्हती. बायकांनी घाईघाईनं पदर सावरले.  ह्यांनी निंगव्वाकडे बघितलंच नाही. गौरम्मासमोर उभे राहिले आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पोरी, काय होतं त्यात?"

 बत्तीचा फुस्स असा आवाज तेवढा येत होता. गौरम्मा पडद्याकडे तोंड करून बोलली, कारण तिचे वडील त्या बाजूला होते.

"अप्पा, पोरगा व्हावा म्हणून मला काढा पाजतात. दोनदा पाजला, दोनदा गेलं. आता तिसरं पोटात हाय. मी न्हाय पिणार."

इरण्णाचा आवाज आला, "आई?" एवढाच. पुढे तो काही बोलला नाही, आणि त्यानंतर कधी बोलला असंही माझ्या कानावर नाही.

निंगव्वा बसूनच होती. ती रडेल किंवा शिव्या देईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मी पण पिले. तोच पिऊन तू झालास इरण्णा. मी काय वैरीण हाय तिची?" तिचं खरंच तसं मत होतं. तेच मला आजही जास्त भीतीचं वाटतं. ती दुष्ट असती तर कुठंतरी भ्याली असती.

नागप्पा पडदा वर उचलून ह्या बाजूला आले. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, पायांत वहाणा घालायला सांगितल्या आणि तिला घेऊन एसटी स्टँडकडे चालू लागले. बाहेर गड्ड्याची गर्दी होती. त्या गर्दीत बाप आणि मुलगी दिसेनासे होईपर्यंत आम्ही दोघं दारात उभे होतो. मग हे आत जाऊन रीळ गुंडाळायला लागले.

उन्हाळा सरल्यावर मंगळवेढ्याहून एक भाजीवाली निरोप घेऊन आली. गौरम्मा बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. हे ऐकून ह्यांनी काय करावं? भर दुपारी हसायच्या सिनेमाचं रीळ चढवलं आणि भिंतीवर लावून एकटेच बघत बसले. निंगव्वाच्या घरून मुलीला बघायला कुणी गेलं नाही. फारकत झाली.

आम्हाला व्हायचं ते झालं. बायकांच्या गोष्टी चव्हाट्यावर आणणारा माणूस म्हणून पेठेतल्या घरांनी बोलावणं बंद केलं. आम्ही लांबच्या वस्त्यांना, कामगारांच्या चाळींना जायला लागलो. तो डाग त्याच दिवशी धुतला असता तर निघाला असता. मी सोडा घेऊन बसलेही होते. ह्यांनी धुवू दिला नाही. पण बारशाला डागाचा पडदा कोण लावू देणार? शेवटी नवं कापड आणलं, दोन तुकड्यांचं, मधे शिवण असलेलं. ती नेमकी हिरॉईनच्या नाकावर यायची. जुन्यात हे मशीन गुंडाळून न्यायला लागले.

आणि दीडएक वर्षानं निंगव्वाचा माणूस बोलवायला आला. मी म्हटलं, ह्या बाईचं काळीज कसलं आहे? इरण्णाचं दुसरं लग्न झालेलं आम्हाला माहीत होतं. जेऊरची मुलगी, बसम्मा. पाहुण्यांसमोर सगळं पूर्वीसारखं आहे हे निंगव्वाला दाखवायचं असणार, आणि त्यासाठी आम्हीच लागणार. निरोप असा होता, हसायचं लावा. सोमवारी या.

वार ऐकला आणि ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "जायचं," मी म्हटलं.

तेच अंगण, तेच पाट. निंगव्वानं दारात आमचं हसून स्वागत केलं. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. मी नेहमीसारखी स्वयंपाकघरात गेले. बसम्मा चुलीपुढे होती, अगदी कोवळी पोर, हातातला हिरवा चुडा अजून नवा. मी तिला काही विचारायच्या आधीच तो वास आला. चुलीच्या कडेला फुलपात्र झाकून ठेवलं होतं.

"काय गं ते?"

"थंडीवरचं औषध हाय म्हणाल्या अत्ती," ती म्हणाली. "सिनेमा बघताना घ्यायचंय." आणि लाजून खाली बघितलं. त्या लाजण्यावरून मला पुढचं कळलं. लई गोड पोर होती हो. मला गौरम्माची ती करपलेली भाकरी आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं. तिथल्या तिथं सांगणार होते, पण निंगव्वा दारात येऊन उभी राहिली.

मी बाहेर आले. हे नवं कापड दोरीला बांधत होते. हातातला डबाही हसायचाच होता.

"सिनेमा तोच राहू दे," मी म्हटलं. "कापड काढा. मशीनवरचं लावा."

ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. नवं कापड घडी करून बाजूला ठेवलं आणि मशीनवरचा जुना पडदा उलगडून चारी कोपरे ताणून बांधला. बत्ती असेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. अंधार झाला, मशीन घरघरायला लागलं आणि पहिल्याच प्रसंगात तो जाडा विनोदी नट पडदाभर चेहरा करून हसला. त्याच्या गालाच्या मधोमध तो काळा डाग होता, हनुवटीपर्यंत ओघळलेला. पलीकडे पुरुष खो खो हसायला लागले. इकडे जुन्या पाहुण्या बायकांतलं कुजबुजणं एकदम थांबलं. ज्यांनी तो दिवस पाहिला होता त्यांनी तो डाग ओळखला.

निंगव्वा फुलपात्र घेऊन आली होती. ती उभीच राहिली.

बसम्माला आधीचं काही ठाऊक नव्हतं. ती हसता हसता माझ्याकडे वाकली आणि म्हणाली, "अक्का, एवढा चांगला पडदा, न् हा डाग कशाचा वो?"

"सांगते की," मी म्हटलं. आणि माझ्याशेजारी बसलेल्या त्या पोरीला मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात.